गेम एक, कॉप्या चार, जागा निम्मी : फोल्डर जोडण्याची ही भानगड नेमकी काय आहे?

एप्रिल २०२४. अ‍ॅमेझॉन प्राइमवर 'फॉलआउट' नावाची सिरीज आली आणि चालली. अणुयुद्धानंतरचं जग, जमिनीखालचे बंकर, निळा-पिवळा सूट. सिरीज बघून लोकांना आठवलं की अरे, हा तर मुळात गेम आहे. ज्यांच्याकडे 'फॉलआउट ४' वर्षानुवर्षं नुसता पडून होता, त्यांनी तो पुन्हा इन्स्टॉल केला. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांनी सेलमध्ये घेतला.

आणि नेमकं त्याच वेळी, २५ एप्रिलला, बेथेस्डा कंपनीने या जुन्या गेमचं एक मोठं अपडेट सोडलं. गेम आला होता १० नोव्हेंबर २०१५ ला. म्हणजे जवळपास साडेआठ वर्षांनी. नव्या कन्सोलसाठी सुधारणा, कॉम्प्युटरवर रुंद स्क्रीनचा सपोर्ट वगैरे. कागदावर बघितलं तर चांगलीच बातमी.

पण गेम बदलून खेळणाऱ्यांच्या घरात त्या रात्री बोंबाबोंब झाली. ज्यांनी शंभर-दोनशे मॉड लावून आपला गेम वर्षानुवर्षं सजवला होता, त्यांनी सकाळी प्ले दाबलं तर गेम उघडेचना. स्टीमने रात्रीतून अपडेट उतरवून ठेवलं होतं. विचारलं नाही, सांगितलं नाही.

सगळ्यात मोठा फटका बसला तो 'फॉलआउट लंडन'ला. मूळ गेम घडतो अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये. काही हौशी लोकांच्या टीमने पदरमोड करून, नोकऱ्या सांभाळून, त्याच गेमवर अख्खं लंडन उभं केलं होतं. नवी कथा, नवी पात्रं, नवे आवाज, आणि तेही फुकट. त्याची रिलीजची तारीख ठरली होती २३ एप्रिल २०२४. अपडेट येणार हे कळल्यावर टीमला तारीख पुढे ढकलावी लागली. शेवटी तो आला २५ जुलैला, जीओजी या दुकानावरून. आणि चालवायचा तर गेमची जुनीच आवृत्ती लागत होती.

म्हणजे आता खेळणाऱ्यापुढे पेच असा. नवी आवृत्ती हवी, कारण त्यात सुधारणा आहेत. जुनी आवृत्ती हवी, कारण मॉड त्यावरच चालतात. शिवाय एक साधी, काही न लावलेली कॉपी हवी, म्हणजे काही बिघडलं तर दोष मॉडचा की गेमचा हे तरी कळेल. आणि लॅपटॉपमध्ये जागा किती? बऱ्याच जणांकडे ५१२ जीबी. त्यात विंडोज, कॉलेजचे प्रोजेक्ट, लग्नाचे व्हिडिओ.

फॉलआउट ४ ला स्टीमवर ३० जीबी जागा मागितलेली आहे. २०१७ मध्ये जास्त स्पष्ट चित्रांचा जो पॅक आला, तो घेतला तर आणखी ५८ जीबी. पॅक बाजूला ठेवला तरी चार कॉप्या म्हणजे १२० जीबी. निव्वळ एका गेमसाठी!

इथे कामाला येते ती फोल्डर जोडण्याची युक्ती. मॉडिंगच्या दुनियेत ती जुनी आहे, पण आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते. माहीत असते त्यातले अर्धे ती अर्धवट वापरतात आणि मग दीडशे तासांचा सेव्ह गमावून बसतात.

आधी हे समजून घ्या, मॉड मोडतात का?

गेमच्या मुख्य फाईलमध्ये, म्हणजे ज्या ईएक्सई फाईलवर क्लिक केल्यावर गेम सुरू होतो तिच्यात, हजारो छोटी-छोटी कामं कुठे आहेत हे ठरलेलं असतं. बंदूक झाडायचं काम या जागेवर, दार उघडायचं काम त्या जागेवर. फॉलआउटच्या मोठमोठ्या मॉडना 'एफ-फोर-एसई' नावाची एक जोड लागते. स्क्रिप्ट एक्स्टेंडर म्हणतात तिला. ही जोड गेम सुरू असताना मेमरीत नेमक्या त्या जागांवर जाऊन आपली कामं घुसवते.

कंपनीने गेम नव्याने बांधला की त्या सगळ्या जागा सरकतात. सोसायटीत एक मजला मध्येच वाढवला आणि सगळ्या फ्लॅटचे नंबर बदलले असं समजा. जुना पत्ता घेऊन आलेला पोस्टमन भलत्याच दारात उभा. गेम कोसळतो तो यामुळे. २०१९ पासून गेम १.१०.१६३ या आवृत्तीवर थांबलेला होता, मॉडवाल्यांनी सगळं त्याच्यावर बेतलं होतं. अपडेटने तो १.१०.९८० वर नेला. मे महिन्यात लगेच आणखी एक अपडेट आलं, १.१०.९८४.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गेममध्ये जागा कोण खातं? ईएक्सई फाईल नाही. ती काही एमबीची असते. जागा खातात त्या 'बीए-टू' नावाच्या गाठोडे फाईली. चित्रं, आवाज, इमारतींचे सांगाडे सगळं त्यात बांधलेलं असतं. आणि मॉड या गाठोड्यांना सहसा हातच लावत नाहीत. मॉडची फाईल डेटा फोल्डरमध्ये सुटी टाकली की गेम गाठोड्यातली सोडून ती सुटी फाईल उचलतो. गाठोडं जसंच्या तसं राहतं.

म्हणजे दोन कॉप्यांमध्ये खरा फरक थोड्याशा फाईलींचा. उरलेलं ओझं दोन्हीकडे सारखंच. मग ते ओझं दोनदा कशाला ठेवायचं?

शॉर्टकट आणि लिंक एकच नाही का?

नाही. गोंधळ इथूनच सुरू होतो.

डेस्कटॉपवरचा शॉर्टकट म्हणजे दुकानाबाहेरची पाटी. 'दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे.' माणूस पाटी वाचतो आणि मागच्या गल्लीत जातो. पण गेमला पाटी वाचता येत नाही. गेम ठरलेल्या पत्त्यावर जातो, तिथे फोल्डरऐवजी एक छोटीशी शॉर्टकट फाईल दिसते, गेम म्हणतो फाईल सापडली नाही, विषय संपला.

जंक्शन म्हणजे पाटी नाही, दार आहे. जुन्या जागेवर दार तसंच, पण आत पाऊल टाकलं की तुम्ही थेट मागच्या गल्लीतल्या दुकानात. गेमला कळतसुद्धा नाही की आपण दुसरीकडे आलोय. कारण ही जोडणी विंडोजच्या वरच्या थरात नसते. हार्ड डिस्कवर फाईली कशा मांडायच्या हे ठरवणाऱ्या एनटीएफएस या पद्धतीतच ती असते.

आणि हे काही हॅकरलोकांचं खूळ नाही. तुमच्या विंडोजमध्येच ते बसलेलं आहे. सी ड्राइव्हवर लपलेल्या फाईली दाखवायला सांगा, सिस्टिमच्या फाईलीसुद्धा. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचा फोल्डर दिसेल. एक्सपीच्या काळात सगळ्यांच्या फाईली त्यात असायच्या. व्हिस्टापासून त्या 'युजर्स'मध्ये गेल्या. पण जुने प्रोग्रॅम जुनाच पत्ता शोधत येणार, म्हणून मायक्रोसॉफ्टने तिथे एक जंक्शन ठेवून दिलं. तुम्ही डबल क्लिक केलं तर परवानगी नाही असं उत्तर येतं, ते वेगळं. दार प्रोग्रॅमसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही.

विंडोजमध्ये जोडण्याचे तीन प्रकार आहेत. जंक्शन आलं विंडोज २००० बरोबर. ते फक्त फोल्डरसाठी आणि फक्त त्याच कॉम्प्युटरमधल्या ड्राइव्हसाठी. सी वरून डी वर चालतं, ऑफिसच्या नेटवर्कवर चालत नाही. सिम्बॉलिक लिंक आली व्हिस्टाबरोबर. फाईल, फोल्डर, नेटवर्क सगळं चालतं, पण करायला अ‍ॅडमिनची परवानगी किंवा डेव्हलपर मोड लागतो. युनिक्सवाल्यांकडे ही चीज १९८३ पासून आहे, बर्कली विद्यापीठाच्या आवृत्तीत आली होती. विंडोजला तिथे पोचायला दोन दशकांहून जास्त काळ लागला, असो.

तिसरा प्रकार हार्ड लिंक. हा सगळ्यात वेगळा, सगळ्यात उपयोगी, आणि सगळ्यात जास्त दगा देणारा.

शाळेत सुमित, घरी पिंट्या

हार्ड लिंक फक्त फाईलसाठी असते, आणि दोन्ही टोकं एकाच ड्राइव्हवर लागतात. तिच्यात खरी फाईल आणि नकली फाईल असं काही नसतंच. डिस्कवर मजकूर एकच असतो, त्याला नावं दोन असतात. शाळेच्या हजेरीत सुमित, घरी पिंट्या. मुलगा एकच.

यातून दोन गोष्टी होतात. पहिली, शाळेतून नाव काढलं म्हणून मुलगा नाहीसा होत नाही. घरी पिंट्या आहेच. तसंच एका फोल्डरमधून फाईल डिलीट केली तरी दुसऱ्या फोल्डरमधलं नाव आहे तोवर मजकूर शाबूत. शेवटचं नाव गेलं की मगच जागा मोकळी होते.

दुसरी गोष्ट, पिंट्याने घरी टक्कल केलं तर शाळेत सुमित टकला येणार. एका नावाने फाईल उघडून तिच्यात बदल केला, तर बाकी सगळ्या नावांना तो बदल लागू. तुम्हाला वाटतं प्रयोगाच्या कॉपीत खटपट चाललीय, आणि चांगली कॉपी मागच्या मागे बिघडत असते.

त्यातही एक मेख आहे. काही प्रोग्रॅम फाईल जागेवर न बदलता जुनी काढून त्याच नावाची नवी ठेवतात. मग नातंच तुटतं, तिथे सुमित आणि पिंट्या दोन वेगळी मुलं होतात. कोणता प्रोग्रॅम काय करेल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून नियम एकच ठेवायचा: जी फाईल कोणी बदलणार नाही, तीच हार्ड लिंक करायची. बदलण्याची थोडीशीही शक्यता असेल तर सरळ कॉपी. दोन-चारशे एमबी गेले तर गेले.

गंमत म्हणजे, ज्यांनी नेक्सस मॉड्सचं 'व्हॉर्टेक्स' वापरलं असेल त्यांनी हार्ड लिंक वापरलेली आहे, नकळत. मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये साठवतं आणि गेमच्या फोल्डरमध्ये त्याच्या हार्ड लिंक टाकतं. 'मॉडचा फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर ठेवा' अशी तक्रार ते का करत राहतं, याचं उत्तर हेच.

मांडणी कशी करायची?

समजा डी ड्राइव्ह आहे आणि तो एनटीएफएस आहे. हे आधी तपासा, ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. एक्सफॅट किंवा फॅट-३२ असेल, जे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर बऱ्याचदा असतं, तर यातलं काहीही चालणार नाही.

पहिलं काम, गोदाम. स्टीमच्या फोल्डरमधून अख्खा फॉलआउट ४ उचलून डी ड्राइव्हवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा. ही खरीखुरी कॉपी, ३० जीबीची. गोदामातून कधी खेळायचं नाही, त्यात काही टाकायचं नाही. मॉड जुन्या आवृत्तीचे असतील तर गोदामही जुन्या आवृत्तीचं हवं. स्टीमने आधीच अपडेट केलं असेल तर आवृत्ती मागे नेणारी साधनं मॉडवाल्यांनी बनवलेली आहेत, ती गोदामावर वापरून घ्यायची. जीओजीवर गेम घेतलेल्यांचं इथे बरं आहे, तिथे जुनी आवृत्ती उतरवण्याची सोय दुकानातच असते.

फोल्डरची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत आणि छोटी ठेवा. विंडोजला मराठी नाव चालतं, पण मॉडची जुनी साधनं त्यावर अडखळतात.

आता खेळायच्या कॉप्या. समजा तीन: साधी, नेहमीची मॉडवाली, आणि प्रयोगाची. प्रत्येकीचा फोल्डर वेगळा. त्यात ईएक्सई, डीएलएल आणि बाकी सगळ्या छोट्या फाईली सरळ कॉपी करायच्या. मग आत डेटा नावाचा फोल्डर करायचा. खरा फोल्डर, जंक्शन नाही.

नवखे इथे हमखास चुकतात. त्यांना वाटतं, डेटा फोल्डरच तर मोठा आहे, त्याचंच जंक्शन करून टाकू, एका ओळीत काम. करून बघा. एका कॉपीत मॉड टाकला की तो जंक्शनमधून थेट गोदामात जाऊन पडतो आणि तिन्ही कॉप्यांत दिसायला लागतो. मग तीन कॉप्या करून मिळवलं काय?

म्हणून डेटा फोल्डर प्रत्येकाचा स्वतंत्र, आणि त्याच्या आत गाठोडे फाईलींच्या फक्त हार्ड लिंक. ईएसएम नावाच्या ज्या मुख्य फाईली असतात त्या कॉपीच करा, कारण मॉडची साधनं त्यांच्यात खुडबुड करू शकतात. आतला व्हिडिओ फोल्डर मात्र सुखाने जंक्शन करता येतो, त्यात कोणाला काही करायचं नसतं.

कमांडचं नाव 'एमकेलिंक'. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून जी काळी खिडकी उघडते, तिच्यात ती चालते. पॉवरशेलमध्ये तशीच टाकली तर ओळखत नाही, आणि अशी कमांडच नाही म्हणून बरेच जण तिथेच नाद सोडतात. नावापुढे स्लॅश देऊन जे लिहिलं की जंक्शन, एच लिहिलं की हार्ड लिंक, डी लिहिलं की फोल्डरची सिम्बॉलिक लिंक. त्यापुढे दोन पत्ते. पहिला, जिथे नवं दार बसवायचंय तो. दुसरा, जिथे खरा माल आहे तो. पत्त्यात स्पेस असेल तर अवतरण चिन्हात.

क्रम उलटा झाला तर? बहुतेक वेळा 'ही फाईल आधीच आहे' असं म्हणून कमांड थांबते, नुकसान होत नाही. लिनक्सवर आणि स्टीम डेकवर क्रम बरोबर उलटा आहे, आधी माल आणि मग दार. दोन्हीकडे काम करणारे जन्मभर यात गोंधळतात.

फॉलआउट ४ मध्ये गाठोडे फाईली डझनांनी आहेत, एकेक टाईप करत बसणं शिक्षाच. त्यासाठी 'लिंक शेल एक्स्टेंशन' नावाचं एक जुनं, फुकट साधन आहे. फाईली निवडा, राइट क्लिक करून 'हा उगम' असं सांगा, दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन राइट क्लिक करून 'इथे हार्ड लिंक टाक' असं सांगा. झालं.

हिशोब बघा. स्टीमची कॉपी ३०, गोदाम ३०, आणि बाकी तीन कॉप्या मिळून फक्त छोट्या फाईलींची भर. खेळायला चार गेम आणि जागा दोघांची. पाचवी कॉपी करावीशी वाटली तर तीही जवळपास फुकट.

मग गोदाम तरी वेगळं कशाला, स्टीमच्याच फोल्डरला लिंक केलं तर आणखी ३० जीबी वाचतील ना? वाचतील. पण उद्या अपडेट आलं की स्टीम त्या फाईलींना हात लावणार, आणि मग कोणाचं नातं तुटलं आणि कोण आतून बदललं याचा पत्ता लागणार नाही. २५ एप्रिलला ज्या कारणासाठी रडारड झाली, तेच कारण पुन्हा घरात घेण्यासारखं आहे हे.

या तीन कॉप्या चालवताना स्टीम मागे सुरू असावं लागतं, कारण गेम तुमच्या नावावर आहे की नाही हे ते तपासतं. ही चोरी नाही. विकत घेतलेला एकच गेम, एकाच कॉम्प्युटरवर, एकाच खात्यातून. तयार मॉडच्या याद्या बनवणारी मंडळीही हेच करतात, त्यांच्या भाषेत याला 'स्टॉक गेम' म्हणतात.

सगळं नीट केलं, तरी सेव्ह का बिघडतो?

कारण गेमचा जीव गेमच्या फोल्डरमध्ये नसतो.

फॉलआउट ४ तुमचे सेव्ह आणि सेटिंग ठेवतो ते डॉक्युमेंट्समध्ये, 'माय गेम्स'च्या आत, 'फॉलआउट४' या फोल्डरमध्ये. कोणते मॉड चालू, कोणते बंद, ही यादी ठेवतो तिसरीकडेच, 'अ‍ॅपडेटा'च्या आत 'लोकल'मध्ये. तुमच्या कॉप्या तीन असोत की तेरा, सगळ्या याच पत्त्यावर येतात.

म्हणजे काय होतं बघा. मॉडवाल्या कॉपीत तुम्ही दीडशे तास खेळलात. मग काहीतरी तपासायला साधी कॉपी उघडली. कंटिन्यू दाबलं. गेम म्हणतो, या सेव्हमधला काही भाग आता उपलब्ध नाही, तरी पुढे जायचं का? तुम्ही हो म्हणता. मॉडने बांधलेलं घर गायब, मॉडची शस्त्रं गायब. तुम्ही म्हणता ठीक आहे, नुसतं बघायचंय. तेवढ्यात एका दारातून आत जाता आणि गेम आपणहून ऑटोसेव्ह करतो, जुन्या ऑटोसेव्हवर. आता मॉडवाल्या कॉपीत परत येऊन तो सेव्ह उघडला तरी गेलेली घरं परत येत नाहीत. या सेव्हपुरती ती पुसलीच गेली.

यावर इलाजही जंक्शनच. डी ड्राइव्हवर प्रत्येक कॉपीसाठी सेव्हचा वेगळा फोल्डर करायचा. डॉक्युमेंट्समधला मूळ 'फॉलआउट४' फोल्डर आतल्या मालासकट त्यातल्या एकात हलवायचा आणि रिकाम्या झालेल्या जागी त्याच नावाचं जंक्शन बसवायचं. दुसरी कॉपी खेळायची असेल तेव्हा जंक्शन काढायचं आणि दुसऱ्या फोल्डरकडे तोंड करून नवं बसवायचं. दोन ओळींची बॅच फाईल करून ठेवली की हे एका क्लिकवर होतं. 'अ‍ॅपडेटा'तल्या यादीलाही असंच.

'मॉड ऑर्गनायझर २' वापरणाऱ्यांना हा उद्योग करायची गरज नाही. त्यात प्रोफाइलप्रमाणे सेव्ह आणि सेटिंग वेगळी ठेवायची सोय आहे. ते डिस्कवर लिंक टाकत नाही, गेम चालू असेपर्यंतच एक आभासी फोल्डर उभा करतं. मात्र गेम त्याच्यातून न उघडता थेट उघडला की ही सोय गेली, हे विसरायचं नाही.

आपल्याकडे यात आणखी एक लफडं होतं, वनड्राइव्हचं. नवीन लॅपटॉप घेतला, सुरुवातीला नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलं की डॉक्युमेंट्स फोल्डर गुपचूप वनड्राइव्हमध्ये जातो. तुम्ही सी ड्राइव्हवरच्या नेहमीच्या पत्त्यावर जंक्शन करता आणि गेम वेगळ्याच डॉक्युमेंट्समध्ये लिहीत असतो. त्यात वनड्राइव्हचं आणि जंक्शनचं पटत नाही. डॉक्युमेंट्सचा बॅकअप आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमधून बंद करा आणि मगच पुढचं काम करा. फोल्डरवर राइट क्लिक करून खरा पत्ता कोणता हे बघायला दहा सेकंद लागतात.

जागा वाचली की नाही, कळणार कसं?

इथे विंडोज तुम्हाला फसवतं. कॉपीच्या फोल्डरवर राइट क्लिक करून साईज बघितली तर ३० जीबीच दाखवणार. तीन फोल्डर, तिन्ही ३०. लोक घाबरतात, लिंक झालीच नाही म्हणून डिलीट करून पुन्हा सुरू करतात. एक्सप्लोरर नावं मोजतो, मजकूर नाही. सुमितची फी आणि पिंट्याची फी वेगवेगळी धरतो. खरा आकडा बघायचा तर 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर मोकळी जागा किती उरली ते बघा. लिंक करण्याआधी आणि नंतर.

जंक्शन आहे की खरा फोल्डर, हे काळ्या खिडकीत 'डीआयआर' कमांड दिली की दिसतं. खऱ्या फोल्डरपुढे डीआयआर असं लिहिलेलं येतं, जंक्शनपुढे जंक्शन.

आणि हार्ड लिंक म्हणजे बॅकअप असं कोणी समजत असेल तर ते आत्ताच डोक्यातून काढा. नावं चार असली तरी डिस्कवर मजकूर एकच आहे. डिस्कचा तो कोपरा खराब झाला की चारही कॉप्या एकदम गेल्या. सेव्हच्या फोल्डरचा तरी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर असू द्या. ३० जीबीचा गेम पुन्हा डाउनलोड होतो, फार तर दोन रात्री जातील. दीडशे तासांचा सेव्ह कुठूनच डाउनलोड होत नाही.

राहिला प्रश्न काढून टाकण्याचा. जंक्शन काढायचं तर 'आरडी' कमांड आणि पुढे फक्त जंक्शनचा पत्ता. एवढंच. पुढे स्लॅश एस लावायचं नाही. स्लॅश एस म्हणजे आतलं सगळं साफ कर, आणि दाराच्या आत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे. आजच्या विंडोजमध्ये एक्सप्लोररमधून जंक्शनचाच फोल्डर डिलीट केला तर फक्त दार जातं. एक्सपीच्या काळात मालासकट जायचं, त्याचे चटके बसलेले लोक अजून आहेत. पण जंक्शनच्या आत शिरून, सगळं सिलेक्ट करून डिलीट दाबलं, तर आजही खराच माल जातो. जागा करायच्या घाईत सगळ्यात जास्त गोदामं याच पद्धतीने रिकामी होतात.

ज्यांनी २०२४ मध्ये असं गोदाम करून ठेवलं होतं, त्यांना त्याचा पुन्हा उपयोग झाला तो थेट गेमच्या दहाव्या वाढदिवशी. १० नोव्हेंबर २०२५ ला बेथेस्डाने फॉलआउट ४ ची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आणली. ईएक्सई पुन्हा बदलली, स्क्रिप्ट एक्स्टेंडर पुन्हा अडकलं, आणि 'माझा गेम सकाळपासून उघडत नाही' अशा पोस्ट पुन्हा सुरू झाल्या. गोदामवाल्यांचीही स्टीमची कॉपी त्या दिवशी अपडेट झालीच. पण डी ड्राइव्हवरच्या त्यांच्या तीन कॉप्या १.१०.१६३ वर होत्या तशाच होत्या.